गाणं चालू असताना उठायचं नाही

नवरा घरात बसला की घर लहान होतं, असं माझी आई म्हणायची. ईस्टरला थर्मन घरात बसला आणि आमचं चांगलं ऐसपैस घर काडेपेटीएवढं झालं. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत थर्मन, मांडीवर पेपर. मी केर काढत गेले की त्यानं पाय वर घ्यायचे, केर निघाला की खाली ठेवायचे, एवढीच काय ती दिवसभराची हालचाल. बोलणं म्हणाल तर 'हं' आणि 'नको'. भांडायलासुद्धा तयार नाही हो माणूस. मी मुद्दाम कॉफीत साखर घातली नाही, तरी मुकाट्यानं प्यायला.

हा माणूस असा नव्हता. आमच्या चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून दारावर जे सेवक उभे असतात, त्यांचा तो कित्येक वर्षं म्होरक्या. आलेल्याला जागा दाखवायची, पोर रडलं तर आईला मागच्या खोलीत पोचवायचं, गाण्याच्या भरात कुणा बाईच्या अंगात आलं तर तिला पडू द्यायचं नाही आणि तिची हॅटही पडू द्यायची नाही. सगळ्यात मोठं काम म्हणजे, प्रार्थना किंवा गाणं चालू असताना मधल्या वाटेनं कुणाला चालू द्यायचं नाही. डावा हात पाठीमागे, उजवा हात आडवा. तोंडानं एक शब्द नाही. त्या हातापुढे एकदा आमच्या मेम्फिस शहराचे महापौर फुलांचा गुच्छ धरून गाणं संपेपर्यंत दारात ताटकळले होते.

मग नवा पास्टर आला. वयानं आमच्या धाकट्यापेक्षा लहान, पायात पळायचे बूट, वेदीमागे भिंतभर पडदा. त्यानं जुन्या सेवकांच्या जागी निळ्या टी-शर्टातली हसरी पोरं उभी केली आणि थर्मनला कुणी काही सांगितलंच नाही. ईस्टरच्या दिवशी गाणं सुरू झालं, कॉफीचा पेला घेऊन एक जण मधून निघाला, थर्मननं हात आडवा केला. तशी टी-शर्टातलं एक पोरगं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणालं, "अंकल, तुम्ही बसा आता. आम्ही बघतो ना."

थर्मन तिथे बसला नाही. त्यानं हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले, त्या पोराच्या हातात दिले आणि घरी आला. घरी येऊन जो बसला तो बसलाच.

मी काय काय नाही केलं. रागावले, लाडीगोडी लावली, त्याच्या मित्रांना जेवायला बोलावलं. मित्र जेवून गेले, हा 'हं' म्हणाला. बसून बसून माणूस कसा संपतो ते मी माझ्या बापाचं बघितलंय. मला थर्मनला पुन्हा दोन पायांवर ताठ उभा बघायचा होता. देवाकडे दुसरं काही मागत नव्हते मी.

जूनमध्ये माझ्या नणंदेचा वाढदिवस आला. अर्नेटा ही थर्मनची थोरली बहीण. तिच्या चर्चमध्ये तिला मदर म्हणतात. म्हणजे पांढरे कपडे घालून पहिल्या बाकावर बसायचं आणि प्रवचन लांबलं की पास्टरकडे एकटक बघायचं. तिनं बघितलं की पास्टर आटपतं घेतो. तिला साखरेचा आजार आहे, वेळेवर खायला मिळालं नाही की ती देवालाही ऐकवते.

"मिस कोरिनकडे जायचं," तिनं फर्मान काढलं. "चर्च सुटलं की देवाची गॉस्पेल गाणी, आणि हवं तेवढं वाढून घ्यायचं."

"जेवताना गॉस्पेल?" थर्मन म्हणाला. ईस्टरपासून एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं. "गाण्याचाही अपमान आणि जेवणाचाही."

"तुला बसायलाच हवं ना? तिथेही खुर्च्या आहेत. कोट घाल."

थोरल्या बहिणीपुढे त्याचं काही चालत नाही. त्यानं कोट घातला.

मिस कोरिनचं हॉटेल म्हणजे पूर्वीचं बुटांचं दुकान. लांबच लांब टेबलं, मधून एक वाट, वाटेच्या एका टोकाला गाणाऱ्यांचा मंच आणि दुसऱ्या टोकाला जेवण. गावातली सगळी चर्चं नुकतीच सुटलेली, त्यामुळे हॅटांचा नुसता बाजार भरला होता. जांभळ्या, लिंबाच्या रंगाच्या, एकीवर तर अख्खा पक्षी. आणि काय तो वास, अहाहा. लोणी आणि चीज घातलेल्या मक्याच्या कण्या, तळलेला मासा, वॉफलवर ठेवलेली कुरकुरीत कोंबडी, डुकराच्या हाडासोबत रटरटलेली पालेभाजी, कडेला पीचचं गोड. माझ्या पोटात कावळे कोकलायला लागले. अर्नेटाच्या पोटात गिधाडं असावीत.

आम्हाला जागा मिळाली अगदी शेवटच्या टेबलाशी, भिंतीला लागून, जेवणापासून सगळ्यात लांब. अर्नेटानं मिस कोरिनला हटकलं. ती बिचारी काळ्या सुटात, कानात बोलायचं यंत्र, सारखी घड्याळाकडे बघत धावत होती. पहिली पंगत वेळेत उठली नाही तर दारातली दुसरी पंगत आत कशी घ्यायची, हा तिचा घोर.

"वाढदिवस माझा आहे आणि मला कोपऱ्यात घातलंस," अर्नेटा म्हणाली.

"मदर, पुढच्या वेळी तुम्हाला कोंबडीच्या मांडीवर बसवते," कोरिन म्हणाली आणि पुढे पळाली. मला ती पोरगी आवडली.

मंचावर युलाली नावाची गायिका, मागे तीन साथीदार आणि ऑर्गनवर एक हडकुळा म्हातारा. त्यांनी पहिलं गाणं सुरू केलं, पण ऐकतंय कोण? इकडून ताटं, तिकडून ताटं, चमच्यांचा खणखणाट, वाटेत माणसांची कोंडी. जाणारे आणि येणारे एकमेकांत अडकलेले, कुणाच्या बाहीला कण्या, कुणाच्या हॅटला सरबत. युलाली डोळे मिटून जीव ओतून गात होती आणि तिच्या पुढ्यातून एक बाई 'मोहरीची चटणी संपली का हो' विचारत गेली.

मी थर्मनकडे बघितलं. मधून एक माणूस गेला की ह्याचा गुडघा उडे. दुसरा गेला की पुन्हा उडे. मी टेबलाखालून गुडघा दाबून धरला.

"थर्मन, हे हॉटेल आहे."

"गाणं तेच आहे," तो म्हणाला.

दुसरं गाणं संथ होतं. माझ्या बापाच्या दफनाला म्हटलं होतं ते. ऑर्गनचे पहिले सूर आले, युलालीनं मान वर केली आणि तेवढ्यात तांबड्या सुटातला एक दांडगा गडी ताट घेऊन निघाला. माझ्या हाताखालचा गुडघा निसटला. खुर्ची मागे सरकली. मी वळून बघते तर थर्मन मधल्या वाटेत जाऊन उभा. टाचा जुळलेल्या, डावा हात पाठीमागे, उजवा हात आडवा. हातमोजा नाही, काही नाही, नुसता त्याचा म्हातारा उघडा हात.

आनंद व्हायला हवा होता, उभा राहिला होता ना माणूस. पण मला ईस्टरच दिसत होता. इथे कुणीतरी हसणार, नाहीतर बाजूला व्हा म्हणणार, आणि आज हा बसला की पुन्हा कधीच उठायचा नाही.

पण गंमत बघा. तांबडा सूट थांबला. का थांबला हे त्याचं त्यालाही कळलं नसेल. लहानपणी आज्जीनं कान पिरगाळून शिकवलेलं असतं हो, हात आडवा झाला की पाय आपोआप थांबतात. त्याच्या मागची बाई थांबली, तिच्या मागचे थांबले, तिकडून ऑम्लेट घेऊन येणारी लिंबू-हॅटवाली थांबली. बघता बघता अख्खी रांग पुतळ्यासारखी उभी. एक जण चिमट्यात कोंबडीची तंगडी धरून तसाच. ऑम्लेट करणारा आचारी हातात अंडं घेऊन तसाच. आम्हा काळ्यांच्या गर्दीत बाहेरगावाहून आलेलं एक गोरं जोडपं होतं, त्यांना वाटलं असाच रिवाज असेल. नवऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली.

चमच्यांचा आवाज बंद झाला. युलालीनं डोळे उघडले. सगळी खोली स्तब्ध, निम्मे लोक उभे, सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे. ह्या हॉटेलात गायला लागल्यापासून बाईनं असलं दृश्य बघितलं नसणार. तिला वाटलं, पवित्र आत्मा उतरला. तिनं पदर खोचल्यासारख्या बाह्या वर सारल्या आणि शेवटचं कडवं पुन्हा घेतलं.

पुन्हा घेतलं, आणि मग आणखी एकदा घेतलं.

आता झाली का पंचाईत? गाणं संपेपर्यंत थर्मन हात खाली घेणार नाही. हात खाली येईपर्यंत लोक हलणार नाहीत. लोक हलत नाहीत तोवर युलाली थांबणार नाही. ऑर्गनवाल्या म्हाताऱ्याला तर तारुण्य फुटलं होतं, बूट काढून नाचायला लागले त्याचे पाय.

"ब्रदर," तांबडा सूट कुजबुजला, "कोंबडी दिसतेय समोर."

थर्मननं पापणीसुद्धा हलवली नाही.

"ब्रदर, मी काल रात्रीपासून उपाशी आहे."

मागून कुणीतरी त्याला 'शू' केलं. मला हसू यायला लागलं, आवरेना. लिंबू-हॅटवालीच्या ताटातलं ऑम्लेट गार होत चाललं होतं आणि ती त्याच्याकडे आजारी नातेवाइकाकडे बघावं तशी बघत होती. वॉफलचं यंत्र टीं टीं करत होतं, त्यातून धूर येत होता आणि त्याच्याजवळ जायची कुणाची छाती नव्हती. मग युलालीनं असा काही सूर लावला की पक्षीवाल्या बाईच्या अंगात आलं. ती जागच्या जागी नाचायला लागली, तिचा पक्षी उडायला लागला, आणि थर्मननं, उजवा हात तसाच आडवा ठेवून, डाव्या हातानं तिची हॅट वरच्यावर झेलली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. युलालीला वाटलं टाळ्या आपल्याला, तिनं गाणं दुप्पट लयीत घेतलं.

अर्नेटा माझ्या कानाशी आली. "तुझा नवरा मला उपाशी मारणार आहे."

"तुझा भाऊ आहे तो," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात मला कोरिन दिसली. मुदपाकखान्यातून धूर बघत बाहेर आली, घड्याळ बघितलं, रांग बघितली, वाटेत हात आडवा करून उभा असलेला म्हातारा बघितला आणि तरातरा त्याच्या पाठीमागून यायला लागली. हात पुढे केलेला, खांद्यावर ठेवण्यासाठी. ओठांवर शब्द तयार, लांबूनसुद्धा वाचता येत होते: सर, तुम्ही जरा बसता का.

तिची चूक नव्हती हो, तिचा धंदा होता तो. पण तो हात थर्मनच्या खांद्यावर पडला असता तर माझा नवरा गेला असता, आणि मी त्याला जाऊ देणार नव्हते. मी उभी राहिले. आयुष्यात मी कधी सेवक झाले नाही, मला ते काम येतही नाही. तरी वाटेत गेले, कोरिनच्या समोर, टाचा जुळवल्या, डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा आडवा केला.

ती थबकली. एक पाय उचललेला तसाच राहिला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वीतभर उंचीची बाई, तिनं नुसतं बाजूला केलं असतं तरी मी भिंतीशी गेले असते.

"मॅडम, माझे वॉफल जळतायत," ती हळूच म्हणाली.

मी बोलले नाही. बोलायचं नसतं.

"तू चर्चमधल्या डीकन ब्लेडसोची पोरगी ना गं?" मागून अर्नेटा म्हणाली. "तुला तुझ्या बापानं गाण्यात चालायला शिकवलंय का?"

कोरिननं उचललेला पाय खाली ठेवला. मग, आईशप्पथ सांगते, तिनं कानातलं यंत्र काढलं, दोन्ही हात पुढे जुळवले आणि शाळेतल्या मुलीसारखी गप्प उभी राहिली. तिचं तिलाच हसू येत होतं, पण पाय काही उचलला नाही तिनं. तिच्या मागे आचारी आला, तोही थांबला. आता त्या बाजूलाही रांग.

पण हे संपवणार कोण? ते अर्नेटानं केलं. देवभक्तीनं नाही, भुकेनं. ती उठली, पांढरा झगा सारखा केला, दोन्ही हात वर उचलले आणि प्रवचन संपवताना म्हणतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आणि सगळे म्हणा, आमेन."

"आमेन," अख्खी खोली म्हणाली. ऑर्गनवाल्याची बोटं त्याला न विचारता शेवटच्या सुरांवर गेली. युलाली तोंड उघडं ठेवून थांबली आणि धापा टाकत हसायला लागली.

थर्मननं हात खाली घेतला. तांबडा सूट सुटलेल्या बैलासारखा निघणार, तर थर्मननं एक बोट वर केलं. तसं नाही. आधी परत आपापल्या जागी. मग त्यानं तळहात वर उचलून पहिल्या टेबलाला उठवलं. भिंतीच्या बाजूनं जायचं, मधल्या वाटेनं परत यायचं, चर्चमध्ये अर्पणाचे पैसे टाकायला पुढे जातो तसं. एक टेबल गेलं की दुसरं. धक्का नाही, कोंडी नाही, बाहीला कण्या नाहीत. युलालीनं चालायच्या लयीचं गाणं धरलं आणि लोक ताटं घेऊन डुलत डुलत निघाले.

आणि चालता चालता घोटाळा झाला. अर्पणाची चाल, अर्पणाचं गाणं, पुढे टेबल. टेबलाच्या सुरुवातीला मक्याच्या पावाची एक रिकामी परात होती. पहिल्या बाईनं त्यात नोट टाकली. टाकल्यावर तिच्या लक्षात आलं, तिनं जीभ चावली, पण तोवर मागच्यानं टाकली होती. मग काय, ओळच लागली. तांबड्या सुटानं नोट टाकली आणि बदल्यात तीन तंगड्या उचलल्या. गोऱ्या जोडप्यानं विचारलं, जेवणाचे पैसे तर आधीच दिले होते ना? शेजारची म्हणाली, "दिले असतील. हे देवाचे." त्यांनीही टाकले. परात भरली तशी कोरिननं ती उचलून युलालीच्या पायाशी नेऊन ठेवली. युलाली रडायलाच लागली आणि रडता रडता तिचा सूर आणखी लागला.

शेवटी आमचं टेबल. थर्मन आमच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा गंभीर, मला जसा काही ओळखतच नाही. तळहात वर केला.

"मेहेरबानी झाली," अर्नेटा म्हणाली. "आज वाढदिवस आणि पुण्यतिथी एकाच दिवशी झाली असती."

मी दोन ताटं वाढून आणली, एक माझं, एक त्याचं. त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा, कण्या जास्त, पालेभाजी कमी. सगळे वाढून घेईपर्यंत सेवक जेवत नाही, म्हणून तो वाटेच्या तोंडाशी उभाच होता. कोरिन त्याच्याजवळ गेली. मी चमचा खाली ठेवला.

"ब्रदर," ती म्हणाली, "माझी एवढी रांग इतक्या लवकर कधीच निघाली नव्हती. वॉफल जळाले ते जळाले. पुढच्या रविवारी याल का? आणि आत्ता, दुसरी पंगत दारात उभी आहे, तिचं काय करू सांगता का?"

थर्मन वळला. त्यानं माझ्याकडे बघितलं. टेबलावर त्याचं ताट वाफाळत होतं आणि माझ्या शेजारची त्याची खुर्ची रिकामी होती.

मी काय म्हणू? सेवकाची बायको जन्मभर बाकावर एकटी बसते, ते लग्नाच्या वेळी कुणी सांगत नाही. नाताळला एकटी, ईस्टरला एकटी, मुलांच्या बाप्तिस्म्यालासुद्धा एकटी, तो दाराशी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्या तीन महिन्यांत नवरा रविवारी शेजारी बसला होता, आणि मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "तिकडे माणसं ताटकळलीत. जा की."

तो गेला. कोटाची बटणं लावत, झपाझप. दार उघडलं आणि दुसरी पंगत आत घुसणार तोच हात आडवा. मग एकेकाला जागा दाखवणं सुरू. उठणारे उठत होते, बसणारे बसत होते, आणि थर्मन खोलीच्या त्या टोकाला उभा राहून सगळ्या टेबलांवरून नजर फिरवत होता. दारात हिरव्या हॅटमधली एक म्हातारी काठी टेकत उभी होती. तिला बसवायचं होतं आणि कुठे जागा दिसत नव्हती.

सेवक खोलीभर ओरडत नाहीत, नजरेनं विचारतात आणि बोटांनी उत्तर घेतात: जितकी बोटं तितक्या रिकाम्या जागा. त्याची नजर फिरत फिरत आमच्या टेबलावर आली.

"एक बोट जरी वर केलंस ना," अर्नेटा तोंडात घास धरून म्हणाली, "तर पुन्हा जन्मभर एकटी बसशील, सांगून ठेवते."

मी त्याचं ताट माझ्याकडे ओढून घेतलं, माशाचा मधला तुकडा तोंडात टाकला आणि एक बोट वर केलं. थर्मननं मान झुकवली, जशी कुणाही परक्या बाईला झुकवली असती, आणि म्हातारीचा हात धरून तिला माझ्याकडे घेऊन यायला लागला. किती ताठ चालत होता. मी उठले आणि त्याची खुर्ची तिच्यासाठी मागे ओढून धरली.